रस्त्यावरच्या स्फोटांचे परके गुरू: लेबनॉन ते गडचिरोली, खरं किती आणि ऐकीव किती?

फुटाळा_काठ
माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू याच्या मृत्यूनंतर (21 मे 2025) बहुतेक बातम्यांत एक ओळ होती: 1980च्या दशकाच्या शेवटी एलटीटीईच्या (श्रीलंकेतले तमिळ बंडखोर) माजी लोकांनी बस्तरच्या जंगलात पीपल्स वॉर या नक्षल गटाच्या निवडक कार्यकर्त्यांना सुरुंग आणि घातपाताचं प्रशिक्षण दिलं, त्यात तोही होता. इराकबद्दल हेच हिजबुल्ला या लेबनॉनच्या शिया संघटनेच्या बाबतीत लिहितात, कोलंबियाबद्दल आयरिश बंडखोरांच्या बाबतीत. बाहेरून आलेल्या दोनचार माणसांनी एका युद्धाचं रूप बदलतं का, की ही सोयीची गोष्ट आहे? गडचिरोलीचे जखमी आपल्याच नागपुरात येतात, स्फोटकांचे परवाने देणारं ऑफिसही इथेच, म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

जुनी_कामठी
तिन्ही उदाहरणांत पुराव्याचं वजन सारखं नाही, आधी ते वेगळं करू.

सगळ्यात भक्कम इराक. मार्च 2007 मध्ये बसऱ्यात अली मुसा दकदूक पकडला गेला. हा हिजबुल्लाचा अनुभवी माणूस, इराकी शिया गटांना प्रशिक्षण देण्याच्या कामावर आलेला. माणूस ताब्यात, सोबत कागदपत्रं. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेने त्याला इराककडे सोपवलं आणि नोव्हेंबर 2012 मध्ये तो सुटला, तो भाग वेगळा. हिजबुल्लाकडे हे ज्ञान दक्षिण लेबनॉनमधल्या इस्रायलविरुद्धच्या लढाईतून आलं. 28 फेब्रुवारी 1999 ला तिथेच रस्त्याकडेच्या स्फोटात इस्रायली ब्रिगेडियर जनरल एरेझ गेर्स्टीन मारला गेला. म्हणजे शिकवणाऱ्यांची शाळा आधी झालेली होती.

कोलंबियाचं प्रकरण अर्धं. ऑगस्ट 2001 मध्ये बोगोटा विमानतळावर तीन आयरिश पकडले, आरोप फार्क या तिथल्या बंडखोर संघटनेला प्रशिक्षण दिल्याचा. एप्रिल 2004 मध्ये खालच्या कोर्टाने त्या आरोपातून सोडलं, फक्त खोट्या पासपोर्टची शिक्षा ठेवली. डिसेंबरमध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवून 17 वर्षं ठोठावली, तोवर तिघे पसार. एकाच पुराव्यावर दोन निकाल. "आयरिशांनी फार्कला शिकवलं" असं छातीठोक लिहिणाऱ्यांनी दोन्ही वाचावेत.

एलटीटीई आणि पीपल्स वॉर ही गोष्ट मुख्यतः शरण आलेल्यांच्या आणि पकडलेल्यांच्या जबाबांवर उभी आहे. खोटी म्हणत नाही. पण जबाब आणि जप्त वस्तू यांत फरक असतो.

सेमिनरी_हिल्स
इराकबद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण हा आकडा पुढे कोणीतरी फेकणारच. पेंटागॉनने 2019 मध्ये 2003 ते 2011 या काळातल्या किमान 603 अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंची जबाबदारी इराण-समर्थक गटांवर टाकली. ती सगळ्या प्रकारच्या हल्ल्यांची बेरीज आहे. "चिलखतभेदी सुरुंगांनी 603 मेले" असं जे फिरतं ते चूक.

फुटाळा_काठ
मग एलटीटीईचं कौशल्य तेव्हा इतकं होतं का, की दुसऱ्यांना शिकवावं?

जुनी_कामठी
होतं. 23 जुलै 1983 ला जाफन्यात तिरुनेलवेलीजवळ गस्तीवर घात झाला, 13 श्रीलंकन सैनिक मेले, सुरुवात सुरुंगाने झाली. पुढचा काळा जुलै, म्हणजे तमिळांविरुद्धच्या दंगली, त्यातूनच पेटला. त्याच काळात भारतानेही तमिळ गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं, हे आता लपलेलं नाही. 1987 ते 1990 मध्ये आपली शांतिसेना तिथे गेली, अकराशेहून जास्त जवान गमावले, आणि त्यात सुरुंगांचा वाटा मोठा होता. ज्ञान कुणाकडून कुणाकडे गेलं याची वंशावळ काढायला बसलात तर एक फांदी आपल्याच अंगणात निघते. ते पचवूनच पुढची चर्चा करावी.

हस्तांतरणाचा दुसरा नमुना बघा, जिथे कुणी गुरू पाठवलाच नव्हता. डिसेंबर 1992 मध्ये इस्रायलने हमास आणि इस्लामिक जिहादच्या 415 लोकांना लेबनॉनच्या हद्दीत हाकललं. मर्ज अल-झुहूरच्या थंडीत ते तंबू ठोकून महिनोन्‌महिने बसले आणि हिजबुल्लाशी त्यांचा संबंध तिथेच घट्ट झाला. शिक्षा म्हणून पाठवलेली माणसं शिकून परतली.

झाडीपट्टी
राजेहो, बाहेरचा मास्तर येऊन किती दिवस शिकवन? महिना, दोन महिने. नंतरची तीस-पस्तीस वर्षं काय? मास्तर गेल्यावर धडा टिकते तो माल भेटते म्हणून आन् गाडी रोज त्याच रस्त्याने जाते म्हणून. गडचिरोलीत रस्ता म्हणजे एकच रस्ता. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा बुडला का दुसरा रस्ताच नाही. कुठली गाडी कधी जाईन हे सांगाले तमिळ माणूस कायले पाह्यजे?

1 मे 2019, जांभूळखेडा. आदल्या रात्री दादापूरले रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या. दुसऱ्या दिवशी तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची खासगी गाडी उडवली, 15 जवान आन् ड्रायव्हर गेले. 26 एप्रिल 2023, दंतेवाड्यात अरनपूर: 10 जवान, एक ड्रायव्हर, भाड्याची गाडी. 6 जानेवारी 2025, बिजापुरात कुटरू: 8 जवान, एक ड्रायव्हर, पुन्हा साधी गाडी. तिन्ही वेळी ड्रायव्हर मेला, त्याचं नाव कोणाले आठवत नाही. यात परदेशी विद्या कुठं शोधता? सवय शोधा.

मेंदूला_खाज
पण ट्रिगर नेमका कसा असायचा? वायर की रिमोट? एलटीटीईची पद्धत आणि यांची पद्धत यात साम्य होतं का, ते कुणी सविस्तर सांगेल का?

मॉडरेटर
वरच्या प्रश्नाचं उत्तर या धाग्यावर येणार नाही. आलं तर उडेल. पुढे चला.

पंचनामा
प्रश्नाचा जो भाग उत्तर देण्यासारखा आहे तो घेतो: "गुरू कोण" हे तपासात कळतं कसं. जबाबाने नाही, मातीने. अमेरिकेने 2003 मध्ये एफबीआयच्या अखत्यारीत टेडॅक नावाचं केंद्र काढलं ते याचसाठी. जगभरातून जमा झालेले तुकडे एका छताखाली आणायचे आणि जोडकामातला हात ओळखायचा. एकाच कारागिराची सवय दोन देशांत दिसली तर हस्तांतरण सिद्ध होतं, नाहीतर तो अंदाज.

आपल्याकडे हे जिथे बिघडतं ती जागा प्रयोगशाळा नसते, घटनास्थळ असतं. क्रमाने सांगतो.

बॉम्बशोधक पथकाने जागा मोकळी आहे म्हणेपर्यंत आत कोणी नाही. दुसरा स्फोट मदतीला धावलेल्यांसाठी असू शकतो. मग घेरा: खड्ड्यापासून सगळ्यात लांब सापडलेल्या तुकड्याचं अंतर मोजा, त्याच्या दीडपट त्रिज्या धरा. तुकडा 80 मीटरवर असेल तर 120 मीटर. नंतर 95 वर दुसरा सापडला तर घेरा 143 च्या आसपास सरकवा. बहुतेक ठिकाणी खड्ड्याभोवती दोरी बांधून काम भागवतात आणि निम्मा पुरावा दोरीबाहेर गुरं तुडवतात.

पाऊस येणार असेल तर खड्ड्यावर ताडपत्री सगळ्यात आधी. नायट्रेटचे अवशेष पाण्यात विरघळतात, एका सरीत जातात. खड्ड्याच्या तळाची आणि काठाची माती वेगवेगळी घ्या, आणि बाधित नसलेल्या जागेची तशीच माती तुलनेसाठी घ्या. हा तुलनेचा नमुना विसरला की कोर्टात बचावपक्ष विचारतो, "शेतात युरिया टाकत नाहीत का?" आणि उत्तर नसतं.

बाष्प होणारे अवशेष साध्या पॉलिथिनमधून निसटतात, आणि शेजारच्या पिशवीत शिरतातही. नायलॉनची पुरावा-पिशवी, नाहीतर घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. ज्या माणसाने त्या दिवशी स्फोटकं हाताळली तो नमुने उचलणार नाही, आणि स्फोटकं वाहिलेल्या गाडीतून नमुने जाणार नाहीत. ओली माती गरम गाडीत ठेवली तर जिवाणू काही स्फोटक रेणू खाऊन टाकतात, म्हणून थंड पेटी.

1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मुळे सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट आणि चित्रीकरण यांची तरतूद आली. भामरागडच्या पलीकडे तज्ज्ञ पोचेपर्यंत ताडपत्री मात्र ठाण्याच्या हवालदारालाच टाकावी लागणार.

ट्रॉमा_मेडिकल_चौक
पंचनामांनी एक जागा सोडली: जखमीचे कपडे आणि अंगातले तुकडे. कपडे कापताना छिद्रातून कात्री घालू नका, बाजूने कापा. ओले असतील तर वाळवून कागदी पिशवीत. तुकडे काढताना चिमट्याच्या टोकाला प्लास्टिकची नळी चढवा, धातूने धातूवर ओरखडे पडतात. प्रत्येक तुकडा वेगळा, शरीरातली जागा लिहून. कॅज्युअल्टीत कपडे लाल पिशवीत जाऊन जाळले जातात, तिथे तपासातली एक कडी जळते.

आता माझ्या कामाचं. गुरू परका असो की गावचा, जवान मरतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून. थांबवता येणारं रक्त हातापायाचं.

टुर्निकेट (दांडी फिरवून आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा) जखमेच्या वर 5 ते 7 सेंटीमीटर, सांध्यावर कधीच नाही. जखम नक्की कुठे ते दिसत नसेल, अंधार असेल, तर कपड्यांवरूनच मांडीच्या किंवा दंडाच्या मुळाशी, शक्य तितकं वर. मांडीच्या खिशात काडतुसं, मोबाइल, डबी असेल तर ती आधी काढा, नाहीतर पट्टा त्यावर ताणला जातो आणि खाली रक्त चालूच राहतं. आधी पट्टा हाताने इतका ओढा की खाली तीन बोटं जाणार नाहीत, मगच दांडी फिरवा. सैल पट्ट्यावर दांडी फिरवत बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत पिळा. अर्धवट आवळलेलं टुर्निकेट न लावल्यापेक्षा वाईट: शीर बंद, धमनी चालू, रक्त वाढतं. माणूस ओरडेल. ओरडू दे. एकाने भागत नसेल तर दुसरं पहिल्याच्या लगत वर. वेळ लिहा, पट्ट्यावर किंवा कपाळावर. दर दहा मिनिटांनी "जरा सैल करून पाय वाचवू" हा जुना सल्ला माणूस मारतो. साधारण दोन तास धोका कमी असतो, सहाच्या पुढे पाय जाण्याची शक्यता फार. मधल्या वेळात सोडायचं की नाही ते डॉक्टर ठरवेल.

पट्टा नसेल तर किमान 4 सेंटीमीटर रुंद कापड आणि न मोडणारी काठी. दोरी, वायर, बुटाची लेस नको, मांस कापतात. काठी फिरवल्यावर बांधून टाका, नाहीतर उलगडते.

जांघ आणि काख यांना पट्टा बसत नाही. तिथे कापड जखमेत भरायचं, वर ठेवायचं नाही. बोटाने रक्त कुठून येतंय ते शोधा, तिथपासून खोलवर ठासत या, मग दोन्ही हातांनी वजन टाकून दाबा. रक्त गोठवणारी औषधी गॉज असेल तर 3 मिनिटं, साधी असेल तर 10. मध्ये उचलून बघायचं नाही. छातीत आणि पोटात मात्र असं ठासू नका.

जुनी_कामठी
डॉक्टरसाहेब, सुरुंगरोधी गाडीतल्या जखमीबद्दलही लिहा. लोकांना वाटतं गाडी वाचली म्हणजे आतला वाचला.

ट्रॉमा_मेडिकल_चौक
बरोबर, तो वेगळाच रुग्ण असतो. बाहेरून एक ओरखडा नाही, आणि टाच, नडगी, ओटीपोटाची हाडं, कमरेचे मणके मोडलेले. जमीन खालून उसळते, पाय फरशीवर टेकलेले असतात, धक्का टाचेतून वर चढतो. त्याला हाताला धरून उठवून चालवणं हा गुन्हा समजा. ओटीपोटाला पट्टा बांधायचा तो कमरेला नाही, मांडीच्या हाडाचं जे टोक बाजूला हाताला लागतं त्या पातळीवर. कमरेच्या हाडावर बांधला तर खालची फट उलट उघडते. पॅन्ट जिथे बांधतो तिथे हात आपोआप जातो, म्हणून ही चूक सगळीकडे होते. चादर दुमडून बांधली तरी चालते. "ओटीपोट हलवून बघू मोडलंय का" हे करू नका, गोठलेलं रक्त सुटतं.

कान वाजतायत पण श्वास ठीक, असं म्हणून सोडू नका. कानाचा पडदा फाटला नाही म्हणजे फुप्फुस शाबूत, हेही खरं नाही. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसात रक्तस्राव झाला असेल तर धाप काही तासांनीही लागू शकते. हेलिकॉप्टरने आणायचा असेल तर छातीत अडकलेली हवा उंचीवर पसरते, म्हणून शंका असेल तर छातीत नळी आधी, उड्डाण नंतर, आणि उड्डाण शक्य तितकं खालून.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन: 1 ग्रॅम दहा मिनिटांत, मग 1 ग्रॅम आठ तासांत. क्रॅश-2 या 2010 च्या चाचणीत वीस हजारांवर रुग्ण होते. पहिल्या तासात फायदा सगळ्यात जास्त, तीन तासांनंतर दिलं तर नुकसान. गडचिरोली ते नागपूर रस्त्याने 170 किलोमीटरच्या आसपास, भामरागड गडचिरोलीच्याही तेवढंच पलीकडे. हिशेब तुम्हीच करा. ही इंजेक्शनं नागपूरच्या फ्रिजपेक्षा तिकडच्या पेटीत हवीत, आणि तिला फ्रिज लागतही नाही.

आणि पांघरूण. मे महिन्यात 45 अंशांत जखमीला गुंडाळायला सांगितलं की लोक वेड्यात काढतात. रक्त गेलेलं शरीर उन्हातही थंड पडतं, थंड पडलं की रक्त गोठत नाही. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा.

फुटाळा_काठ
गाडी वाचते कशी ते कुणी सांगेल?

जुनी_कामठी
कूळ दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया. 1970च्या दशकात बुफेल, कॅस्पिर. तळ इंग्रजी व्हीसारखा, म्हणजे दाब सपाट आदळण्याऐवजी दोन्ही बाजूंनी घसरतो. तळ जमिनीपासून उंच, कारण अंतर वाढलं की दाब झपाट्याने घटतो. चाकं उडाली तर उडू द्यायची, बसण्याची पेटी अखंड ठेवायची. भारताने 1990च्या दशकाच्या शेवटी कॅस्पिर घेतल्या, त्यावरून मेदकच्या कारखान्यात आदित्य नावाची गाडी झाली. अमेरिकेला ही अक्कल 2007 मध्ये आली, मग सुमारे 27 हजार गाड्या घेतल्या.

आतली शिस्त गाडीइतकीच महत्त्वाची. आसन छताला किंवा भिंतीला टांगलेलं, फरशीला जोडलेलं नाही. पाय पायपट्टीवर, फरशीवर नाही. पट्टा बांधलेला, हेल्मेट डोक्यावर. दारूगोळ्याची पेटी, जॅक, पाण्याचा कॅन, अग्निशामक नळकांडं सगळं बांधलेलं, कारण आतला सुटा जॅक हाच दुसरा सुरुंग. जवान पट्टा टाळतात, कारण घात झाला तर पटकन उतरायचं असतं. उंच गाडी अरुंद रस्त्यावर कलंडते ही दुसरी अडचण.

आणि मर्यादा: 3 सप्टेंबर 2005 ला बिजापूरकडे अशाच गाडीतले 24 जण गेले, 13 मार्च 2018 ला सुकम्यात किस्टारामजवळ 9. त्यामुळे गाडी आली की पायी रस्ता तपासणं बंद, हा व्यवहार परवडत नाही.

झाडीपट्टी
रस्ता डांबरी, पूल पक्का झाला का गाडीपेक्षा जास्त वाचवते. मातीचा रस्ता खोदता येते, लिपता येते. डांबर खोदलं तं सकाळी दिसते. म्हणूनच रस्त्याच्या कामावरच्या मशिनी जाळत होते ना भाऊ.

सेमिनरी_हिल्स
मालाबद्दल झाडीपट्टींशी सहमत, त्यात भर. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सला, वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालयही नागपुरात. विदर्भ, छत्तीसगड, तेलंगणा हा खाणींचा पट्टा आहे, स्फोटकांचा कायदेशीर वापर इथे रोज होतो. एलटीटीईला समुद्रातून माल आणावा लागायचा. इथे गळती पुरते.

गळती कुठे शोधायची? मॅगझिनच्या, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराच्या, कुलुपात नाही. स्फोटक नियम 2008 प्रमाणे साठ्याला एलई-3 परवाना, मागणीला आरई-11, वाहतुकीला आरई-12 पास. कागद बहुतेक ठिकाणी जुळतात. जुळत नाही ते खाणीच्या तोंडाशी: सकाळी किती काढलं, किती भोकांत भरलं, किती परत आलं. परतीचा रकाना सतत शून्य असेल तर ती खाण आधी तपासा. प्रत्यक्ष कामात नेमकं तेवढंच लागत नाही, थोडं उरतंच. उरलेलं त्याच दिवशी मॅगझिनला परत गेलं पाहिजे, ठेकेदाराच्या खोलीत रात्रभर नाही. भोकांची संख्या सर्व्हेअरच्या वहीतून घ्या, ब्लास्टरच्या नाही.

अमोनियम नायट्रेटला 2012 पासून वेगळे नियम आहेत, वजनाने 45 टक्क्यांहून जास्त असेल तर परवाना. त्याआधी ते खतासारखं फिरायचं. माझ्या मते त्या एका अधिसूचनेने जेवढं साधलं तेवढं गुरूंच्या वंशावळीवरच्या दहा परिसंवादांनी नाही.

पंचनामा
सहमत, फक्त वंशावळ अगदीच टाकाऊ नाही. कौशल्य मोजक्या हातांत असेल तर ते हात गेले की दर्जा पडतो, आणि तो पडलेला तुकड्यांत दिसतो. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती 60 जणांसह गडचिरोलीत शरण आला. आता जबाब आणि जुने जप्त तुकडे समोरासमोर ठेवून एलटीटीईची गोष्ट तपासता येईल. त्यासाठी ते तुकडे कुठल्यातरी मालखान्यात लेबलसकट शिल्लक हवेत.

फुटाळा_काठ
गाववाल्याला काही सापडलं तर?

झाडीपट्टी
हात लावाचा नाही, वायर दिसली तं ओढाची नाही, दगड मारून पाहाचा नाही. ज्या पावलांनी गेला त्याच पावलांनी मागं. लांब गेल्यावर फोन, 112. गुरं आन् पोरं दुसऱ्या रस्त्याने वळवा. फोटो काढाले परत जाऊ नका. अन् जुनं गंजलेलं हाय म्हणून भंगारवाल्याले विकू नका, ते जुनं झाल्यानं मरत नाही.

ट्रॉमा_मेडिकल_चौक
आणि 112 ला सांगताना "स्फोटाचा जखमी" असं स्पष्ट सांगा, किती जण, टुर्निकेट किती वाजता लावलं. रक्तपेढीला तेवढा वेळ आधी मिळतो. रक्ताच्या पहिल्या पिशवीसोबत कॅल्शियम द्यायला ड्यूटीवरच्या पोरांना आठवण करा: 10 टक्के ग्लुकोनेट असेल तर 30 मिली, क्लोराइड असेल तर 10.